सिंधूकाठचे इराणी सुभे : एका प्रदीर्घ वादाचा आढावा

हिंदुकुशाच्या दक्षिण उतारापासून सिंधूच्या खोऱ्यापर्यंत पसरलेला जो मुलूख इराणच्या हखामनी सम्राटांच्या शिलालेखांत गंदार, थतगुश आणि हिंदुश अशा तीन नावांनी येतो, त्यावर इराणचा अंमल खरोखर किती होता, तो किती काळ टिकला आणि त्या अंमलाने तेथील लोकजीवनात काय पालटले, या प्रश्नाची चर्चा शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. आज हा प्रदेश अफगाणिस्तान आणि पाकिस्तान या दोन राष्ट्रांत विभागलेला आहे. ज्या काळाविषयी आपण बोलत आहोत त्या काळी, म्हणजे इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चौथ्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, तो जगातील तोवरच्या सर्वांत विशाल साम्राज्याचा पूर्वेकडील शेवट होता. वादाचे सारे साहित्य चार प्रकारच्या साक्षींत सामावते : सम्राटांचे स्वतःचे लेख, ग्रीकांचे ग्रंथ, पर्सेपोलिस या राजधानीतील सरकारी दप्तर आणि जमिनीच्या पोटातून निघणारे अवशेष. अभ्यासकांत जे तट पडलेले दिसतात ते पुष्कळदा पुराव्याच्या कमतरतेमुळे नव्हे, तर या चौघांपैकी कोणाची साक्ष आधी घ्यायची आणि कोणाची तिच्या आधाराने पारखायची, यावरून पडलेले आहेत.

सम्राटांची साक्ष

दारयवहु, म्हणजे ग्रीकांचा दरायस, इ. स. पूर्व ५२२ मध्ये गादीवर आला आणि त्याने बेहिस्तूनच्या कड्यावर आपल्या राज्यारोहणाची कैफियत तीन भाषांत कोरविली. तीत त्याने आपल्या आज्ञेत असलेल्या तेवीस देशांची नावे दिली असून त्यांत गंदार आहे, थतगुश आहे आणि आजच्या कंदाहारभोवतीचा हरौवती, म्हणजे ग्रीकांचा अराखोशिया, हाही आहे. परंतु हिंदुश नाही. याच लेखाच्या बाबिलोनी पाठात गंदारऐवजी ‘परुपरएसन्ना’ असे नाव आहे, आणि त्यावरून पर्वतापलीकडचा, काबूलच्या बाजूचा प्रदेश सूचित होत असल्याने गंदार या सुभ्याची हद्द नेमकी कोठवर धरावी याविषयी पहिल्या पायरीवरच मतभेद सुरू होतात. थतगुश तर दारयवहु बाबिलोनात गुंतलेला असताना बंड करून उठलेल्या देशांच्या यादीतही आहे. उलट हरौवतीचा सुभेदार विवान हा नव्या राजाशी एकनिष्ठ राहिला आणि तोतया वह्यज्दाताने पाठविलेल्या फौजेशी कापिशकानिश व गंदुतव येथे लढला. या लढायांवरून एवढे निश्चित होते की दारयवहु येण्यापूर्वीच, बहुधा कुरुशाच्या, म्हणजे ग्रीकांच्या सायरसच्या, कारकीर्दीत, हा सीमाप्रदेश साम्राज्यात आलेला होता. आणि कापिशी नगरीचा कुरुशाने विध्वंस केला, हे प्लिनीने दिलेले त्रोटक वृत्त याच्याशी जुळते.

हिंदुशचे नाव मागाहून येते. हमदान आणि पर्सेपोलिस येथे सापडलेल्या सोन्याचांदीच्या पत्र्यांवर दारयवहु आपल्या राज्याच्या चार सीमा सांगतो : सुग्दापलीकडच्या शकांपासून कुशपर्यंत (मिसरच्या दक्षिणेपर्यंत) आणि हिंदुशपासून स्पर्दापर्यंत (आशिया मायनरमधील लिडियापर्यंत). सूसा येथील प्रासादाच्या लेखात हस्तिदंत कुश, हिंदुश आणि हरौवती येथून आणला, तर गंदार आणि कर्मान येथून ‘यका’ नावाचे लाकूड, जे शिसवाचे मानले जाते, ते आणविले, असे नमूद आहे. नक्श-ए-रुस्तम येथील त्याच्या थडग्यावर सिंहासन उचलून धरणाऱ्या प्रजाजनांत हिंदूही आहे, आणि १९७२ मध्ये सूसा येथे उजेडात आलेल्या, मिसरी चित्रलिपीत देशनामे कोरलेल्या दारयवहुच्या पुतळ्याच्या बैठकीवरही हिंदुशचा उल्लेख आहे. क्षयार्षा (झर्क्सिस) याच्या लेखात ही नावे पुन्हा येतात, आणि चौथ्या शतकातील अर्तक्षत्र नावाच्या एका सम्राटाच्या थडग्यावरही त्या त्या पुरुषाच्या आकृतीवर नाव घालून ती दिलेली आहेत.

यावर आक्षेप असा घेतला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही, की हे लेख म्हणजे महसुलाची नोंदवही नव्हे. ती राजाच्या वैभवाची प्रशस्ती आहे, आणि प्रशस्तीत एकदा गेलेले नाव मुलूख हातचा गेला म्हणून सहसा गाळले जात नाही. आपल्याकडच्या दिग्विजयाच्या प्रशस्ती वाचण्याची सवय असलेल्या वाचकाला याचे नवल वाटू नये.

ग्रीकांची साक्ष

हिरोडोटसने दारयवहुच्या खंडणीचे वीस विभाग दिले आहेत. सातव्या विभागात सत्तगिदी (म्हणजे थतगुशचे लोक), गंदारी आणि त्यांच्याबरोबरच्या दोन जमाती मिळून १७० टॅलंट भरतात. विसाव्या विभागातील हिंदी लोक मात्र ३६० टॅलंट सोन्याची धूळ देतात. सोन्याची किंमत चांदीच्या तेरा पट धरून हिरोडोटस स्वतःच हिशेब करतो आणि ती रक्कम ४६८० टॅलंट चांदीइतकी भरते. साम्राज्याच्या एकूण उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा सिंधूच्या काठाकडून यावा ही गोष्ट फार थोड्या अभ्यासकांना पटलेली आहे, विशेषतः ते सोने उकरून काढणाऱ्या मुंग्यांची कथा त्याच ग्रंथात शेजारीच असताना. तथापि पर्सेपोलिसच्या अपदान नावाच्या सभागृहाच्या जिन्यावर जे हिंदी शिष्टमंडळ कोरलेले आहे त्यातील एक माणूस कावडीला लावलेल्या पारड्यांतून छोट्या पिशव्या वाहून नेताना दिसतो, आणि त्या सुवर्णरजाच्या असाव्यात असा तर्क बहुतेकांनी केला आहे. आकडा फुगविलेला असेल. वस्तू खोटी दिसत नाही.

याच लेखकाने कार्यान्दाच्या स्कायलॅक्सची हकीकतही दिली आहे : दारयवहुच्या आज्ञेने तो कास्पातिरस नगराहून सिंधूतून समुद्रात उतरला, तीस महिन्यांनी मिसरच्या बाजूस पोहोचला, आणि त्यानंतर राजाने हिंदी लोकांना जिंकून त्या समुद्राचा उपयोग केला. क्षयार्षाच्या ग्रीसवरील स्वारीत सुती वस्त्रे ल्यालेले, वेताची धनुष्ये व लोखंडी टोकाचे बाण घेतलेले हिंदी पायदळ होते आणि गंदारी पथक वेगळ्या सरदाराखाली होते, हेही त्यानेच सांगितले आहे. येथवर चित्र सुसंगत आहे. परंतु मौर्यांच्या दरबारी राहिलेल्या मेगॅस्थिनिसचे जे उतारे स्ट्राबोने जपले आहेत त्यांत याच्या नेमके उलट विधान सापडते, की इराण्यांनी हिंदुस्थानवर कधी स्वारी केलीच नाही, फार तर तेथून भाडोत्री शिपाई मागविले. दोन्ही विधानांचा मेळ घालण्याचा एक मार्ग असा सुचविला गेला आहे की मेगॅस्थिनिसच्या लेखी सिंधूनदी हीच हिंदुस्थानची सीमा होती आणि तिच्या पश्चिमेचे ते हिंदुस्थानाबाहेरचे; पण मग हिंदुश हा सुभा सिंधूच्या कोणत्या तीरावर धरायचा हा प्रश्न मागच्या दाराने पुन्हा आत येतो.

दप्तर बोलू लागते

१९३३ मध्ये पर्सेपोलिसच्या तटबंदीतून एलामी भाषेतील मातीच्या विटिका हजारोंनी निघाल्या आणि वादाचा सूर पालटला. रिचर्ड हॅलक यांनी १९६९ मध्ये त्यांतील २०८७ विटिका प्रसिद्ध केल्या. त्या दारयवहुच्या तेराव्या ते अठ्ठाविसाव्या राज्यवर्षांतील, म्हणजे इ. स. पूर्व ५०९ ते ४९३ या काळातील आहेत, आणि त्यांत प्रशस्तीचा मागमूस नाही : कोणाला किती पीठ, किती मद्य, किती जव द्यावयाचे, परवाना कोणाचा, प्रवास कोठून कोठे, एवढेच. या शिधापत्रांत हरौवतीहून, गंदारहून आणि हिंदुशहून सूसाकडे जाणारे-येणारे लोक आढळतात. सरकारी मोहोरेचा परवाना घेऊन सिंधूकाठची माणसे सरकारी चौक्यांवर शिधा उचलीत होती, ही गोष्ट कोणत्याही दिग्विजयलेखापेक्षा अधिक पटणारी आहे, असे मला वाटते. कारण पिठाच्या हिशेबात कारकुनाला थाप मारण्याचे प्रयोजन नसते.

पर्सेपोलिसच्या खजिन्यात हिरव्या दगडाचे खल व बत्ते सापडले. त्यांवर आरामी लिपीत हरौवतीच्या अधिकाऱ्यांची नावे आहेत. १९७० मध्ये त्यांचे वाचन प्रसिद्ध करणाऱ्या बोमन यांनी ते हओम वनस्पती कुटण्याच्या विधीशी जोडले. पुढील अभ्यासकांचा कल ती सुभ्याकडून खजिन्यात भरणा झालेली वस्तू होती असे मानण्याकडे आहे. जुन्या कंदाहारच्या उत्खननात एलामी विटिकांचे तुकडे मिळाल्याने पर्सेपोलिसची हिशेबपद्धती हरौवतीच्या ठाण्यापर्यंत पोहोचली होती हे आता वादातीत आहे. हिंदुकुशाच्या उत्तरेस बल्ख प्रांतातील चामड्यावर आणि लाकडी पट्ट्यांवर लिहिलेली चौथ्या शतकातील आरामी कागदपत्रे नवेह आणि शाकेद यांनी २०१२ मध्ये छापली. त्यांत अख्वमज्द हा सुभेदार खुल्मीच्या बगवंत नावाच्या अंमलदाराला तट बांधण्याविषयी, टोळधाडीविषयी, उंटांविषयी हुकूम धाडतो, आणि या दप्तरातील शेवटची पत्रे अलेक्झांडरच्या राज्यवर्षांनी अंकित आहेत. गंदार आणि हिंदुश येथून मात्र अशा प्रकारचा एकही हखामनी कागद वा विटिका अद्याप हाती आलेली नाही. बल्खच्या व कंदाहारच्या नमुन्यावरून सिंधूकाठचे अनुमान करावे काय, की ही अनुपस्थितीच वेगळ्या राज्यव्यवस्थेची खूण मानावी, येथे रस्ता फुटतो.

पांढरीची टेकाडे

जॉन मार्शल यांनी १९१३ ते १९३४ पर्यंत तक्षशिला खणली. भीर नावाच्या पांढरीच्या टेकाडावरील सर्वांत जुन्या नगराचा आरंभ त्यांनी इराणी जिंकणीशी जोडला. १९५८ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी चारसद्द्याच्या बाला हिसारवर, म्हणजे प्राचीन पुष्कलावतीवर, खंदक घेतला आणि त्याच दिशेने पुढे जाऊन असे प्रतिपादले की वायव्येकडील नगरे ही इराणी साम्राज्याच्या राजमार्गावर, त्याच्या गरजेतून उभी राहिली. व्हीलर यांची लेखणी इतकी ओघवती होती की पुढील वीस-पंचवीस वर्षे हे मत पाठ्यपुस्तकांचे मत झाले.

त्याला तडा गेला तो तक्षशिलेतच. हथियाल या टेकाडाच्या उतारावर भीरहून कित्येक शतके जुनी, घोटीव तांबड्या खापरांची वस्ती ऑलचिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिली. पुढे पाकिस्तानी व ब्रिटिश पथकाने बाला हिसारवर पुन्हा उत्खनन करून कर्ब-१४ च्या तिथ्या मिळविल्या, आणि तेथील वस्ती दारयवहुच्या कितीतरी आधीची ठरली. बन्नू जिल्ह्यातील अक्रा या मोठ्या टेकाडावर काम केलेल्या मगी, पेट्री, नॉक्स आणि खान यांनी २००५ मध्ये हाच धागा पुढे नेला : अक्रा हे थतगुशचे ठाणे असावे, पण ते इराण्यांनी वसविलेले नव्हे, इराणी अंमल आला तो आधीच भरभराटलेल्या स्थानिक सत्तेच्या डोक्यावर बसून तिच्याकरवीच कारभार हाकण्यासाठी. ट्युलिप फुलासारखा घाट असलेले जे प्याले पूर्वी इराणी अंमलाचे हमखास चिन्ह समजले जात, ते या भागात दिसतात ते पुष्कळसे त्या अंमलाच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर, असेही या गटाने निदर्शनास आणले. स्वातमधील बरिकोट येथे इटालियन पथकाला यवन तटबंदीच्या खालच्या थरांत मिळालेल्या सामग्रीवरून नगरवस्तीचा काळ आणि इराणी संपर्काचा काळ यांचा संबंध नव्याने तपासला जात आहे.

या ठिकाणी एक सावधगिरी आवश्यक आहे. खापरे पालटली नाहीत म्हणून राज्य पालटले नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह उत्खननकर्त्यांना होतो. कटकच्या सुभ्यावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल १७५१ पासून १८०३ पर्यंत होता. उद्या कोणी ओडिशातील गावे खणून त्या अर्धशतकात मराठी धाटणीची मडकी सापडतात काय हे पाहू लागला तर त्याला बहुधा हात हलवीत परतावे लागेल, आणि तरीही महसूल मात्र वसूल होत होता. इराण्यांचा कारभारही, जेथे जेथे तो कागदोपत्री तपासता येतो तेथे तेथे, गावच्या मडक्यांत ढवळाढवळ न करता दप्तर, रस्ता आणि खजिना एवढेच हातात ठेवणारा दिसतो. याच्या उलट बाजूने विचार करणाऱ्यांचे म्हणणेही वजनदार आहे, की मिसरमध्ये किंवा आशिया मायनरमध्ये याच इराण्यांनी इमारती, मोहोरा, प्रतिमा असे पुष्कळ मागे ठेवले. सिंधूकाठीच ते का नाही, याचे उत्तर केवळ ‘कारभाराची तऱ्हा’ एवढ्याने पुरे होत नाही. विलेम फोगेलसांग यांनी १९९२ मध्ये पूर्व इराणातील पुराव्याची छाननी करताना येथील अंमलामागे शक घोडेस्वार उमरावांचा एक थर कल्पिला आहे. तो मान्य झाला तर या विरोधाची धार काहीशी बोथट होते, पण त्या थराचा पुरावा सिंधूच्या जवळ येऊ लागतो तसतसा विरळ होत जातो.

पाटलिपुत्राचा फाटा

सीमाप्रदेशाच्या या चर्चेला एक लांबचा फाटा फुटला, आणि त्यात मुंबईचा संबंध आला. सर रतन टाटा यांच्या देणगीतून डी. बी. स्पूनर यांनी १९१२-१३ मध्ये पाटण्याजवळ कुम्राहार येथे खणून मौर्यांचा स्तंभमंडप उघडकीस आणला, त्याची तुलना पर्सेपोलिसच्या शतस्तंभ दालनाशी केली, आणि १९१५ मध्ये भारतीय इतिहासात एक ‘झरथुष्ट्री कालखंड’ होता असा सिद्धांत मांडून मौर्य राजे स्वतःच पारशी वंशाचे होते इथपर्यंत मजल मारली. जीवनजी जमशेटजी मोदींसारख्या पारशी विद्वानाने त्याचा परामर्श मुंबईत घेतला. बहुतेक भारतीय इतिहासकारांनी तो फेटाळला. त्याच जागेचे उत्खनन पुढे १९५१ ते १९५५ या काळात अनंत सदाशिव आळतेकर यांनी चालविले आणि तो मंडप मौर्यांचा म्हणूनच राहिला. वंशाचा मुद्दा आता कोणी काढीत नाही. पण पर्सेपोलिस जळाल्यावर बेकार झालेले कारागीर मौर्यांकडे आले असावेत हे व्हीलर यांचे १९६८ मधील अनुमान, आणि त्याला दिले जाणारे उत्तर की इराणी स्तंभ खाचांचे व अनेक तुकड्यांचे, तर मौर्यांचे एकसंध व गुळगुळीत, हे दोन्ही अजून आमनेसामने उभे आहेत.

नाणी आणि लिपी

काबूलच्या चमन-ए-हुजुरी भागात १९३३ मध्ये मिळालेल्या नाण्यांच्या निधीत ग्रीक नाणी, इराणी चांदीचे सिग्लोस आणि स्थानिक छाप मारलेल्या वाकविलेल्या चांदीच्या शलाका एकत्र होत्या. या शलाकांचे वजन साधारण ११ ग्रॅम, म्हणजे दोन सिग्लोसांच्या आसपास. म्हणून त्या इराणी मापावर पाडल्या असे एक मत, आणि ते वजन शंभर रत्तींचे शतमान आहे, माप देशीच आहे, असे दुसरे. वजनांचा हा प्रश्न केवळ तोंडी तर्काने सुटणार नाही हे ज्यांनी ओळखले त्यांत मूळचे गोव्याचे आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव पहिल्या ओळीत येते. तक्षशिलेच्या आहत नाण्यांचे एकेक करून वजन घेऊन, चलनात फिरताना नाणे किती झिजते याचा संख्याशास्त्रीय हिशेब त्यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात मांडला, आणि नाण्यांची ‘मूळ’ वजने ठरवू पाहणाऱ्या कोणालाही तो टाळून जाता येत नाही.

लिपीविषयी मतभेद त्यामानाने कमी. खरोष्ठी ही आरामीपासून निघाली हे ब्यूलर यांनी १८९५ मध्ये दाखविले आणि ते टिकले. केव्हा निघाली हे मात्र ठामपणे सांगता येत नाही, कारण खरोष्ठीचे निश्चित कालाचे सर्वांत जुने लेख म्हणजे शाहबाजगढी व मानसेहरा येथील अशोकाचे, आणि तक्षशिला, लघमान व कंदाहार येथील आरामी लेखही त्याच राजाच्या काळातले. आरामी कारकुनांची परंपरा इराणी अंमलापासून तेथवर अखंड चालत आली असेल, हे अनुमान रास्त आहे. क्षत्रप ही पदवी तर तेथून पुढे आणखी तीन-चार शतके टिकून नहपानाबरोबर नाशिकच्या लेण्यांत येऊन पोहोचली.

अलेक्झांडरच्या वेळी काय उरले होते

सर्वांत चुरशीचा वाद या शेवटच्या टप्प्याचा आहे. ॲरियनच्या मते इ. स. पूर्व ३३१ मध्ये गौगामेलाच्या रणांगणावर बल्खलगतचे हिंदी तेथील सुभेदार बेस्ससच्या हाताखाली होते, ‘डोंगरी हिंदी’ हरौवतीच्या बार्सएन्तेस या सुभेदाराबरोबर होते, आणि सिंधूच्या अलीकडच्या हिंदी लोकांनी सुमारे पंधरा हत्ती आणले होते. म्हणजे अखेरच्या दारयवहुच्या हाकेला हा मुलूख ओ देत होता. पण चार वर्षांनी अलेक्झांडर काबूलच्या खोऱ्यातून खाली उतरतो तेव्हा त्याला भेटतात ते तक्षशिलेचा आंभी, पुष्कलावतीचा अस्तेस, पुढे पौरव. इराणी सुभेदाराचे एकही नाव येत नाही. ओल्मस्टेड यांच्यासारख्या जुन्या पिढीच्या इतिहासकारांना यावरून सिंधूकाठचा अंमल केव्हाच गळून पडला होता असे वाटले. पिएर ब्रियाँ यांनी १९९६ मधील आपल्या बृहद्ग्रंथात याविरुद्ध असे मांडले की स्थानिक राजे हेच साम्राज्याचे हस्तक होते, त्यामुळे सुभेदाराचे नाव न येणे म्हणजे सुभा नसणे नव्हे. बार्सएन्तेस पळून सिंधूच्या अलीकडच्या हिंदी लोकांकडे आश्रयाला गेला आणि त्यांनी त्याला बांधून अलेक्झांडरच्या स्वाधीन केला, ही ॲरियनची नोंद दोन्ही पक्षांना आपली वाटते : तो तिकडे गेला म्हणजे जुनी निष्ठा होती, त्यांनी त्याला धरून दिला म्हणजे ती संपली होती. माझा कल ब्रियाँ यांच्या बाजूला आहे, तथापि खंडणी भरणारा मांडलिक आणि बोलाविल्यावर हत्ती पाठविणारा शेजारी यांतील रेषा त्यांनी आखली त्याहून पुसट असावी.

जे अजून ठरायचे आहे

हिंदुशचे ठाणे कोठे होते याचे एकमताने उत्तर नाही. काही जण ते तक्षशिलेकडे, काही खालच्या सिंधमध्ये शोधतात, आणि स्कायलॅक्सचा प्रवास जेथून निघाला ते कास्पातिरस कोणते यावर हे पुष्कळसे अवलंबून आहे. थतगुशसाठी बन्नूप्रमाणेच गझनीच्या बाजूचे आणि हजाराजातचे दावेही मांडले गेले आहेत. भीर टेकाडाचे खालचे थर आधुनिक पद्धतीने, पुरेशा विस्ताराने उघडले गेल्याशिवाय मार्शल यांचा काल दुरुस्त करणे कठीण. आणि खालच्या सिंधमध्ये तर या काळासाठी खणलेल्या जागाच थोड्या. दुसरीकडे पर्सेपोलिसच्या विटिकांचे काम शिकागोत चालू आहे. त्या विटिका इराणने अभ्यासासाठी दिलेल्या असताना अमेरिकन न्यायालयांतील एका दाव्यात जप्तीच्या धोक्यात सापडल्या होत्या. २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला, आणि त्यानंतर काही विटिका इराणला परतही गेल्या. हॅलक यांच्या ग्रंथाबाहेर राहिलेल्या एलामी विटिकांचे आणि त्यांच्याबरोबरच्या आरामी लेखांचे वाचन पुरे झाले, की हिंदुशहून निघालेल्या प्रवाशांना कोणाच्या सहीचे परवाने मिळत होते, तो सही करणारा सुभेदार इराणी होता की स्थानिक, हे कदाचित त्यांच्याच शिध्याच्या हिशेबांतून निघेल.